८.८.८.८ टाकलं म्हणजे घरचं इंटरनेट सुरक्षित झालं का?

प्रश्न नाशिकच्या एका वाचकाचा आहे. घरी फायबरचं कनेक्शन, सत्तरीतले आई-वडील, दहावीतली मुलगी. वडिलांच्या फोनवर मेसेज आला: ‘मागच्या महिन्याचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइन कापली जाईल.’ खाली लिंक. त्यांनी ती उघडली, पण तेवढ्यात सूनबाईंनी पाहिलं म्हणून पुढचं टळलं. नंतर राउटर बघायला आलेल्या मुलानं सेटिंगमध्ये ८.८.८.८ टाकलं आणि ‘आता सेफ आहे’ असं सांगून गेला. हे खरं का? की दुसरा कुठला डीएनएस हवा? आणि तो टाकायचा कुठे?

थोडक्यात उत्तर असं. ८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. तो वेगवान आहे, भरवशाचा आहे, पण फसवणुकीच्या साइट अडवणं हे काम त्यानं अंगावर घेतलेलं नाही. वडिलांनी तीच लिंक आज पुन्हा उघडली तर तो त्या साइटचा पत्ता इमानेइतबारे शोधून देईल. तुम्हाला हवा आहे तो फिल्टर करणारा डीएनएस, आणि तो राउटरच्याही आधी वडिलांच्या फोनमध्ये टाकायला हवा.

पुढे जाण्याआधी एक सूचना. इथे पत्ते मराठी आकड्यांत आणि अक्षरांत लिहिले आहेत. सेटिंगमध्ये भरताना इंग्रजी आकडे आणि इंग्रजी लहान अक्षरं वापरा, मध्ये जागा सोडू नका, आणि ‘डॉट’ लिहिलं आहे तिथे नुसता टिंब द्या.

डीएनएसचं काम एवढंच, की तुम्ही टाइप केलेल्या किंवा बोट लावलेल्या नावामागचा आकडी पत्ता शोधून द्यायचा. संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली ही व्यवस्था मांडली तेव्हा नेटवर्कवर थोडी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. एकमेकांवर संशय घ्यावा असं कुणाला वाटत नव्हतं. म्हणून मूळ पद्धतीत प्रश्न उघडा जातो, उत्तरही उघडं येतं, आणि उत्तर नेमकं कुणी दिलं याची खूण त्यावर नसते. घरी तुम्ही काही बदललं नसेल तर हे प्रश्न तुमच्या इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरकडे जातात.

सुरक्षेच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. पान उघडण्याच्या आधी नाव विचारलं जातं. बनावट वीजबिलाची साइट असो, टीव्हीतलं ॲप असो की फोनमध्ये चोरून बसलेला मालवेअर (घातक प्रोग्राम) असो, बहुतेकांना आधी नाव विचारावंच लागतं. त्या क्षणी उत्तर देणाऱ्यानं ‘असं नावच नाही’ म्हटलं, तर पुढचं काहीच घडत नाही. पान दिसत नाही, फॉर्म दिसत नाही, कार्डाचा नंबर भरायला जागाच मिळत नाही. चुकून मालवेअर आत शिरलाच, तरी त्याला आपल्या मालकाचा सर्व्हर सापडत नाही. घरातल्या प्रत्येक उपकरणावर वेगळं काही बसवल्याशिवाय, फुकटात मिळणारं असं दुसरं संरक्षण मला माहीत नाही. म्हणून मी ते प्रत्येक घरात लावायला सांगतो.

आता निवड. माझी पहिली पसंती क्वाड९. पत्ता ९.९.९.९, जोडीचा पत्ता १४९.११२.११२.११२. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयबीएम, पॅकेट क्लिअरिंग हाउस आणि ग्लोबल सायबर अलायन्स यांनी मिळून तो सुरू केला, आणि २०२१ पासून ही ना-नफा संस्था स्वित्झर्लंडमधून चालते. फिशिंगची (म्हणजे बनावट पानावर माहिती काढून घेणाऱ्या साइटची) आणि मालवेअरची नावं ती अनेक सुरक्षा संस्थांच्या याद्यांमधून गोळा करते आणि ती नावं सोडवायला नकार देते. प्रौढ साइट किंवा जाहिराती मात्र अडवत नाही. मला हे आवडतं, कारण काम एकच आणि स्पष्ट आहे.

दुसरा पर्याय क्लाउडफ्लेअरचा. इथे लोक हमखास गोंधळतात. १.१.१.१ काहीही अडवत नाही. १.१.१.२ मालवेअर आणि फिशिंग अडवतो. १.१.१.३ त्यासोबत प्रौढ साइटही अडवतो. यांचे जोडीचे पत्ते अनुक्रमे १.०.०.१, १.०.०.२ आणि १.०.०.३. मूळ सेवा २०१८ ची, फिल्टरवाल्या दोन २०२० मध्ये आल्या. शेवटच्या एका आकड्यानं सगळा फरक पडतो, आणि ‘सुरक्षित डीएनएस’ म्हणून फिरणाऱ्या मेसेजांत नेमका बिनफिल्टरचा आकडा दिलेला असतो.

ओपनडीएनएस यांच्यापेक्षा जुना, २००६ पासूनचा, आणि २०१५ पासून सिस्कोच्या मालकीचा. लहान मुलांच्या घरासाठी त्याची फॅमिलीशील्ड ही सेवा आहे: २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. ॲडगार्ड जाहिरातीही अडवतो. तो सोयीचा आहे, पण त्यामुळे एखाद्या खरेदीच्या ॲपमधली लिंक उघडेनाशी झाली की घरातले तुम्हालाच फोन करणार, हे धरून चाला. शिवाय यूट्यूबच्या जाहिराती कुठल्याच डीएनएसनं थांबत नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच नावावरून येतात.

आई-वडिलांसाठी क्वाड९ किंवा १.१.१.२. दोन्हीपैकी एक घ्या, आणि तुमच्या इंटरनेटवर जो चटकन उत्तर देतो तो ठेवा. क्लाउडफ्लेअरचं केंद्र मुंबईत आहे. क्वाड९ कडे जाणारी वाट मात्र इंटरनेटवाल्यागणिक बदलते आणि कधी परदेशातून फिरून येते. दोन-चार दिवस वापरून बघितलं की फरक कळतो.

एक चूक मात्र सगळीकडे दिसते: पहिल्या रकान्यात ९.९.९.९ आणि दुसऱ्या रकान्यात ‘बॅकअप’ म्हणून ८.८.८.८. दुसरा रकाना फक्त पहिला बंद पडल्यावर वापरला जातो, असा समज आहे. प्रत्यक्षात बरीच उपकरणं आणि राउटर दोघांनाही विचारतात, किंवा जो लवकर उत्तर देतो त्याच्याकडे वळतात. मग ज्या साइटला एकानं नाही म्हटलं, तिचा पत्ता दुसऱ्याकडून मिळतो. दोन्ही रकाने एकाच सेवेच्या पत्त्यांनी भरा. दुसरा पत्ता हाताशी नसेल तर तो रकाना रिकामा सोडलेला बरा.

आता वडिलांचा फोन. राउटरच्या आधी फोन, असं मी का म्हणतो? कारण असे मेसेज माणूस कुठेही उघडतो. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर. तिथे घरचा राउटर नसतो, मोबाइल डेटा असतो. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ नंतरच्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये, ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. ती वायफायवरही चालते आणि मोबाइल डेटावरही.

सेटिंग्ज उघडून वरच्या शोधखान्यात ‘डीएनएस’ टाइप करा. प्रत्येक कंपनीनं ही सेटिंग वेगळ्या मेनूत ठेवली आहे, त्यामुळे शोधणं सोपं पडतं. सॅमसंगमध्ये ती ‘कनेक्शन्स’मधल्या ‘मोअर कनेक्शन सेटिंग्ज’खाली सापडेल. तीन पर्याय दिसतील: ऑफ, ऑटोमॅटिक, आणि प्रोव्हायडरचं होस्टनेम. तिसरा निवडा. इथे आकडी पत्ता चालत नाही, नावच लागतं. क्वाड९ साठी ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’. क्लाउडफ्लेअरच्या मालवेअर अडवणाऱ्या सेवेसाठी ‘सिक्युरिटी डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’, आणि मुलांसाठीच्या सेवेत ‘सिक्युरिटी’च्या जागी ‘फॅमिली’. मधली आडवी रेघ विसरू नका. सेव्ह करा आणि लगेच एखादी साइट उघडून बघा. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तरी फोनचं अख्खं इंटरनेट थांबतं.

असं थांबणं मुद्दाम ठेवलेलं आहे. ‘ऑटोमॅटिक’मध्ये फोन गुप्त जोडणीचा प्रयत्न करतो आणि जमलं नाही तर निमूटपणे उघड्या पद्धतीवर येतो. होस्टनेम दिलं की तो तडजोड करत नाही. प्रश्न कुलूपबंद करूनच पाठवतो आणि समोरचा सर्व्हर खरा आहे का तेही तपासतो. या पद्धतीला डीएनएस ओव्हर टीएलएस म्हणतात. १९८३ पासूनची उघड्या प्रश्नांची त्रुटी हिनं आणि हिच्या जोडीच्या डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसनं भरून काढली. पहिलीचा मानक २०१६ चा, दुसरीचा २०१८ चा.

आयफोनमध्ये अशी थेट सेटिंग नाही. आयओएस १४ पासून डीएनएसची प्रोफाइल, म्हणजे सेटिंगची तयार फाइल, बसवता येते. ती फक्त त्या सेवेच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रोफाइल अजिबात बसवू नका, कारण फोनचे सगळे प्रश्न कुठे जायचे हेच ती ठरवते. विंडोज ११ मध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएस ‘मॅन्युअल’ करून पत्ता भरला, की खाली डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस चालू करायची जागा दिसते. क्वाड९, क्लाउडफ्लेअर आणि गुगल यांची माहिती विंडोजला आधीपासून असते.

राउटरचं काम त्यानंतर. टीव्ही, मुलीचा लॅपटॉप, पाहुण्यांचे फोन यांच्यासाठी तो हवाच. राउटरच्या मागच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड छापलेला असतो. आत शिरलात की डीएनएस बदलण्याआधी तो छापील पासवर्ड बदला. हे मी आग्रहानं सांगतो. ‘ॲडमिन-ॲडमिन’ असलेल्या राउटरमध्ये चांगला डीएनएस टाकून उपयोग नाही, कारण तोच रकाना बदलायला चोर टपलेले असतात. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरनं हेच केलं होतं. जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस पत्ते बदलून त्यांचे प्रश्न आपल्या सर्व्हरकडे वळवले. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयनं ती टोळी उघडकीला आणली, पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेट थांबलं असतं. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. म्हणून पासवर्ड बदला, ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून राउटर बदलायची सोय) बंद करा, आणि फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट असेल तर घ्या.

डीएनएसचे रकाने राउटरमध्ये दोन ठिकाणी असू शकतात. वॅनच्या (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पानावर भरलेत तर राउटर स्वतः त्या सेवेला विचारतो आणि घरातली उपकरणं राउटरला विचारतात. लॅन किंवा डीएचसीपीच्या (घरातल्या बाजूच्या) पानावर भरलेत तर उपकरणं थेट त्या सेवेकडे जातात. बहुतेक घरांना पहिला मार्ग पुरतो. इंटरनेटवाल्यानं दिलेल्या काही डब्यांमध्ये हे रकाने कुलूपबंद असतात. तसं असेल तर त्यामागे स्वतःचा एक साधा राउटर लावा आणि घरातलं सगळं त्यावर घ्या, किंवा उपकरणागणिक सेटिंग करा.

आणि आता ती जागा, जिथे सगळं नीट भरूनही फिल्टर गळतो: आयपीव्ही६, म्हणजे आकडी पत्त्यांची नवी पद्धत. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच जोडण्यांवर जुन्या आयपीव्ही४ सोबत आयपीव्ही६ ही चालू असतं. तुम्ही राउटरमध्ये ९.९.९.९ भरता, तो पत्ता आयपीव्ही४ चा. पण इंटरनेटवाल्यानं दिलेला आयपीव्ही६ चा डीएनएस तसाच राहतो, आणि उपकरणं पुष्कळदा आधी त्यालाच विचारतात. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘आयपीकॉन्फिग’, जागा, तिरकी रेघ, ‘ऑल’ असं टाकून ‘डीएनएस सर्व्हर्स’ची ओळ बघा. तिथे विसर्गासारख्या दोन टिंबांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ चा. त्याची सुरुवात ‘एफई८०’नं होत असेल तर तो तुमचा राउटरच आहे, आणि मग तो पुढे कुणाला विचारतो ते राउटरच्या आयपीव्ही६ च्या पानावर बघावं लागेल. वेगळी सुरुवात असेल तर बहुधा तो इंटरनेटवाल्याचा. प्रत्येक सेवेचे आयपीव्ही६ पत्ते तिच्या साइटवर दिलेले असतात, ते त्या पानावर भरा. फोनमधल्या प्रायव्हेट डीएनएसला ही अडचण येत नाही, कारण तिथे नाव दिलेलं असतं.

भरलं म्हणजे झालं असं धरू नका, तपासा. क्वाड९ वापरत असाल तर ब्राउझरमध्ये ‘ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट’ उघडा, हो की नाही ते सरळ लिहून येतं. क्लाउडफ्लेअरच्या फिल्टरसाठी त्यांनीच ‘मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम’ हे निरुपद्रवी नाव ठेवलं आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ आणि पुढे हे नाव टाका. १.१.१.२ चालू असेल तर उत्तरात ०.०.०.० येईल. क्वाड९ अडवलेल्या नावाला ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणतो.

एक तपासणी फार कमी लोक करतात. काही इंटरनेटवाले साध्या डीएनएसचे प्रश्न वाटेतच पकडतात आणि स्वतःच उत्तर देतात. तुम्ही कुठलाही पत्ता भरा, जबाब त्यांचाच. हे ओळखायला ‘एनएसलुकअप’, मग ‘एक्झाम्पल डॉट कॉम’, मग १९२.०.२.१ असं एका ओळीत टाका. १९२.०.२.१ हा पत्ता फक्त कागदपत्रांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे कुणाचाही सर्व्हर नाही, त्यामुळे ‘टाइम्ड आउट’ यायला हवं. उत्तर आलं तर मधे कुणीतरी बसलेलं आहे, इंटरनेटवाला किंवा तुमचा राउटर. अशा ठिकाणी कुलूपबंद डीएनएसच हवा, साध्या पत्त्याचा उपयोग नाही.

घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट समजावून सांगणं या सगळ्या सेटिंगइतकंच महत्त्वाचं आहे. क्वाड९ नं साइट अडवली की लाल पाटी दिसत नाही. ‘ही साइट उघडू शकत नाही’ एवढंच दिसतं, जणू नेट गेलं आहे. मग माणूस काय करतो? वायफाय बंद करून पुन्हा बघतो, ती लिंक शेजाऱ्याला पाठवतो, सुनेच्या फोनवर उघडून बघतो. वडिलांना सांगून ठेवा: मेसेजमधून आलेली लिंक उघडली नाही, तर ती दुसरीकडे उघडायची नाही. बाकी सगळं चालू आहे आणि तीच एक साइट बंद आहे, तर ती बहुधा अडवलेली आहे.

कधी चांगली साइटही अडते. गावातली पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालय यांच्या साइट वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. त्या हॅक होतात, त्यांच्या पोटात फिशिंगची पानं बसवली जातात, आणि मग अख्खं नाव यादीत जातं. क्वाड९ च्या साइटवर नाव टाकून ते अडवलेलं आहे का ते बघता येतं आणि तक्रारही करता येते. घाईत फिल्टर काढू नका, आधी संस्थेला फोन करा. त्यांना बहुतेक वेळा हे माहीतच नसतं.

खासगीपणाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘डीएनएस बदलला की कुणालाच काही कळत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. डीएनएस कुलूपबंद केला तरी तुम्ही कुठल्या आकडी पत्त्याशी जोडले गेलात ते इंटरनेटवाल्याला दिसतं, आणि बहुतेक वेळा साइटचं नावही जोडणीच्या सुरुवातीला उघडं जातं. डीएनएस म्हणजे व्हीपीएन, म्हणजे सगळी वर्दळ कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीतून नेणारी सोय, नव्हे. तुम्ही फक्त एवढं करता, की तुमच्या प्रश्नांची वही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देता. म्हणून तो दुसरा कोण आणि कुठल्या कायद्याखाली आहे, हे वाचूनच निवडा. क्वाड९ आपल्या जाहीर धोरणानुसार विचारणाऱ्याचा आयपी पत्ता साठवत नाही. गुगल आयपीसकट तात्पुरत्या नोंदी एक-दोन दिवसांत पुसतो. क्लाउडफ्लेअरही नोंदी साधारण तेवढ्याच काळात काढून टाकतो. क्वाड९ वरचा माझा विश्वास त्यांच्या वागण्यामुळे वाढला. जर्मनीत सोनी म्युझिकनं २०२१ मध्ये, एक साइट डीएनएसवरून अडवावी म्हणून त्यांना कोर्टात खेचलं. लाइपझिगच्या न्यायालयात ते हरले, पण छोटी संस्था असूनही अपिलात गेले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार साइट बंद करण्याचे आदेश देतं, आणि काही इंटरनेटवाले ते आपल्या डीएनएसमध्येच राबवतात. बाहेरचा डीएनएस लावल्यावर अशी एखादी साइट उघडलेली दिसू शकते. तो परिणाम आहे, हेतू नव्हे, आणि बंदी बंदीच राहते.

तोटेही सांगतो. व्हिडिओ आणि मोठ्या डाउनलोडच्या कंपन्या तुमच्या जवळचा सर्व्हर निवडताना कधी कधी प्रश्न कुठल्या डीएनएसकडून आला ते बघतात. क्वाड९ आणि क्लाउडफ्लेअर खासगीपणासाठी तुमचा ठावठिकाणा पुढे पाठवत नाहीत, त्यामुळे एखादी सेवा लांबच्या सर्व्हरवरून येऊन रेंगाळू शकते. क्वाड९ चा ९.९.९.११ हा पत्ता फिल्टर ठेवून ठावठिकाण्याचा काही भाग पुढे पाठवतो. व्हिडिओ अडखळत असेल तर तो वापरून बघा. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान कधी उघडत नाही, तेव्हा प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरता ‘ऑटोमॅटिक’ करावा लागतो आणि आठवणीनं परत बदलावा लागतो. मोठ्या सेवाही बंद पडतात. १४ जुलै २०२५ ला क्लाउडफ्लेअरच्या आतल्या एका चुकीच्या बदलानं १.१.१.१ सुमारे तासभर जगभर ठप्प झाला. भारतात तेव्हा १५ तारखेची पहाट होती. जोडीचा १.०.०.१ ही त्यासोबतच गेला. अशा वेळी व्हॉट्सॲप अधूनमधून चालतं, पण साइट उघडत नाहीत. राउटर रीसेट करण्याआधी फोनचा प्रायव्हेट डीएनएस मिनिटभर बंद करून बघा. नेट आलं तर दोष तिथेच आहे.

डीएनएस काय थांबवू शकत नाही, ते वडिलांना आणि तुम्हालाही ठाऊक असायला हवं. नावं काही तासांपूर्वी नोंदवून लगेच वापरली जातात, तेवढ्यात ती यादीत येतीलच असं नाही. फसवणुकीचा फॉर्म गुगल फॉर्म्सवर बनवला असेल तर नाव गुगलचं, आणि कुठलाही फिल्टर ते अडवणार नाही. ‘आरटीओ चलन’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल) व्हॉट्सॲपच्याच वाटेनं येते. ती बसवू न देणं हे फोनच्या ‘अननोन ॲप्स’च्या परवानगीचं काम, तिथे व्हॉट्सॲपची परवानगी बंद ठेवा. आणि ‘डिजिटल अरेस्ट’वाल्याच्या फोनपुढे तर डीएनएस पूर्ण निरुपयोगी आहे. क्रोममधलं सेफ ब्राउझिंग ही धोक्याच्या साइटची सूचना देणारी वेगळी सोय आहे, ती चालूच ठेवा. एकाला चुकलेली साइट दुसरा पकडतो, असं बऱ्याचदा होतं.

बँकेच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर न्यायला सांगितलं. ही नावं फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संस्थेकडूनच मिळतात, कुणीही ऐरागैरा ती विकत घेऊ शकत नाही. वडिलांना पत्त्याचा शेवट वाचायला शिकवा. पण नीट शिकवा: ‘बँक डॉट इन’ ही अक्षरं पत्त्याच्या मधे कुठेतरी असून चालत नाही, सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी असायला हवीत. वीजबिलासाठी तर महावितरणचं ॲप फोनमध्ये ठेवा आणि बिल तिथेच बघायची सवय लावा. असे मेसेज आपले नाहीत, हे महावितरणनं वारंवार जाहीर केलेलं आहे.

आता घरातल्या मुलीबद्दल. राउटरवर १.१.१.३ किंवा फॅमिलीशील्ड लावलं तर लहान मुलांच्या वाटेत चुकून येणारं पुष्कळ काही थांबेल. दहावीतल्या मुलीनं ठरवलं तर ते ओलांडणं अवघड नाही. ब्राउझरच्या ‘सिक्युअर डीएनएस’ सेटिंगमध्ये दुसरी सेवा निवडली, फुकटचं व्हीपीएन बसवलं किंवा मोबाइल डेटावर गेली, की राउटरचा फिल्टर बाजूला पडतो. फुकटचं व्हीपीएन हा तर त्या साइटपेक्षा मोठा धोका आहे, कारण मग तिची सगळी वर्दळ कुणा अनोळखी कंपनीतून जाते. तिच्यापासून लपवून फिल्टर लावू नका. काय लावलं आणि का, ते तिला सांगा, आणि आजोबांच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस तिच्याच हातानं टाकून घ्या. वरची एनएसलुकअपची तपासणीही तिला करू द्या.

आणि वडिलांनी लिंक उघडल्यावर काही भरलं असेल, अगदी नुसता यूपीआय पिन किंवा ओटीपी जरी, तर डीएनएसचा विचार नंतर करा. आधी बँकेला फोन करून खातं आणि कार्ड थांबवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. वीजबिलाच्या या प्रकारात समोरचा पुष्कळदा स्क्रीन दिसणारं ॲपही टाकायला लावतो. तसं काही बसवलं असेल तर फोन आधी विमान मोडवर टाका, ॲप काढा, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.